हिशेब हासुद्धा सेवेचाच भाग

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली आणि देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली बिहार मध्यवर्ती मदत समिती उभी राहिली. वर्ध्याचे जमनालाल बजाज या कामात होते. पैशाचा हिशेब चोख राहावा म्हणून आर्थिक सल्लागार या नात्याने जे. सी. कुमारप्पा यांना बोलावून घेण्यात आलं. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले. त्यांनी एक नियम घालून दिला: मदतकार्यातल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या जेवणावर दिवसाला तीन आणे खर्च होतील, त्याहून जास्त नाही. पुढे गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह बिहारमध्ये आले. त्यांच्या आहाराचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च समितीकडून मिळणार नाही, तो दुसरीकडून भागवा, असं कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना स्पष्ट सांगितलं. हा निधी भूकंपग्रस्तांसाठी गोळा झाला आहे, त्यातून बाकी कोणाचाही खर्च होणार नाही, मग तो माणूस कितीही मोठा असो, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींनी ते मान्य केलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचा कारभार वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागला आणि तो सांभाळायला कुमारप्पाच आले. ही मगनवाडी ज्या वर्धा शहरात आहे, त्या शहराला लागूनच पिपरी मेघे आहे. म्हणजे धर्मादाय पैशाची शिस्त ही या परिसराला कुणी बाहेरून येऊन शिकवावी अशी गोष्ट नाही. ती इथलीच परंपरा आहे. पिपरी मेघेसारख्या गावात आज एखादी छोटी संस्था गरजूंसाठी काम करते तेव्हा तिने कोणाला, कशाचा आणि कसा जाब द्यायचा, हे समजून घेताना म्हणूनच दूर जायची गरज नाही.

गाव, शहर आणि गरज

पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी ही वर्ध्याभोवतीची गावं नावाने गावं राहिली, वस्तीने मात्र शहर झाली. जनगणनेत पिपरीची गणना नगर म्हणून होते, पण कारभार ग्रामपंचायतीचा. शेतजमिनींवर ले-आउट पडले आणि नोकरदारांची घरं झाली. त्यांच्या शेजारी भाड्याच्या खोल्यांत शिकणारी मुलं आणि कामासाठी आलेले मजूर राहू लागले. अशा वस्तीत गरज लवकर दिसत नाही. खेड्यात कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला कळतं. ले-आउटमध्ये बंद दारामागे एकटी राहणारी म्हातारी आठवडाभर आजारी असली तरी पत्ता लागत नाही.

त्यात वर्धा हा रुग्णालयांचा जिल्हा आहे. एका बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला सावंगीचं रुग्णालय. दूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात आणि सोबत नातेवाईकही येतात. रुग्णाला खाट मिळते, पण नातेवाइकाच्या जेवणाचा, आंघोळीचा, रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न उरतोच. शिवाय २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. घरातला कर्ता गेल्यावर बाई मुलांना घेऊन शहराच्या कडेला येते, खोली भाड्याने घेते आणि धुणीभांडी करते, ही इथली नेहमीची कहाणी आहे.

अशा माणसांसाठी स्थानिक संस्था काय करते? डबा पोचवते, शिधा देते, वह्या-पुस्तकं देते, रक्त मिळवून देते, औषधांना हातभार लावते. ही कामं खरी आहेत आणि मोलाची आहेत. पण ती दुसऱ्यांच्या पैशावर चालतात. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पैसा कोणाचा?

देणगीदार शंभर रुपये देतो त्या क्षणी ते त्याचे राहत नाहीत. ते संस्थेच्या अध्यक्षांचे किंवा सचिवांचेही होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते न्यासाचे होतात आणि न्यास ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठीच ते वापरता येतात. विश्वस्त हा फक्त सांभाळणारा. गांधीजींनी विश्वस्ताची ही कल्पना पुढे नेऊन सगळ्या संपत्तीलाच लावली. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून वापरावी, असं ते सांगत, आणि त्यांच्या या विचाराचं उदाहरण म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं जाई ते जमनालाल बजाज वर्ध्याचेच.

गांधीजींची हिशेबाची शिस्त मात्र त्याआधीची, दक्षिण आफ्रिकेतली. १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली, ते तिचे सचिव झाले, आणि अगदी लहान रकमेचीही पावती द्यायची असा शिरस्ता त्यांनी पाडला. चोख हिशेबावाचून सत्य टिकत नाही, असं त्यांनी आत्मकथेत मांडलं आहे. त्याच अनुभवातून त्यांचं आणखी एक मत बनलं, ते आजही अनेक संस्थांना पटायला जड जातं. सार्वजनिक संस्थेने कायमच्या ठेवीच्या व्याजावर जगू नये, असं ते म्हणत. दरवर्षी लोकांकडे जावं, वर्गणी मागावी. लोकांनी दिली तर संस्था लोकांना हवी आहे, नाही दिली तर आपलं कुठे चुकलं हे तपासावं. ठेवीवर जगणारी संस्था लोकमताची पर्वा करेनाशी होते, असं त्यांचं निरीक्षण होतं.

या मताला दुसरी बाजूही आहे. लंडनमध्ये १९९६ साली सुरू झालेली किड्स कंपनी ही मुलांसाठी काम करणारी नामांकित संस्था ऑगस्ट २०१५ मध्ये एकाएकी बंद पडली. पुढे चौकशा झाल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्या विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा उडू दिला नाही. तरीही एक गोष्ट सर्वांसमोर आली: संस्थेकडे अडचणीच्या काळासाठी पुरेशी गंगाजळी नव्हती, आणि पैसे थांबताच तिच्यावर विसंबून असलेली मुलं उघड्यावर पडली. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर छोट्या संस्थेसाठी व्यवहार्य मार्ग सापडतो. काही महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक हवी, म्हणजे देणगी उशिरा आली म्हणून कोणाचा डबा बंद होणार नाही. पण लोकांपुढे जाण्याची गरजच उरू नये इतकी ठेव नको.

कायदा काय विचारतो

महाराष्ट्रात सेवाभावी संस्था उभी राहते ती बहुतेकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. अशी संस्था इथे आपोआप सार्वजनिक न्यासही मानली जाते आणि तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी नोंदणी करावी लागते. हा कायदा मुळात मुंबई राज्याचा. वर्धा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर हा कायदा इथेही लागू झाला. अंमलबजावणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं. अशा संस्थेच्या नोंदणी क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असतं. पावतीवर, लेटरहेडवर तो क्रमांक आहे का, हे पाहणं ही देणगीदाराची पहिली पायरी.

कायदा विश्वस्तांवर काही ठोस बंधनं घालतो. नियमित हिशेब ठेवायचा, दरवर्षी त्याचं लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि ताळेबंद व उत्पन्न-खर्चाचं पत्रक धर्मादाय कार्यालयात दाखल करायचं. लेखापरीक्षकाने काय तपासायचं याची यादीच नियमांत दिलेली आहे. ती वाचली की जबाबदारी या शब्दाला व्यवहारात काय अर्थ आहे ते कळतं. कीर्दीत दाखवलेली रोख शिल्लक आणि प्रत्यक्ष हातात असलेली रोख जुळते का? व्हाउचर आहेत का? न्यासाच्या उद्देशाबाहेर कुठे पैसा गेला का? वर्षाहून अधिक काळ येणं राहिलेल्या रकमा किती? विश्वस्तांपैकी कोणी न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का? सभा वेळेवर झाल्या का, त्यांचं इतिवृत्त लिहिलं का? दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का?

यातला ऋणको-धनकोचा प्रश्न छोट्या संस्थांच्या वर्मावर बोट ठेवतो. अनेक संस्थांत खजिनदार अडीअडचणीला स्वतःच्या खिशातून पैसे घालतो आणि देणगी आली की काढून घेतो. हेतू चांगला असतो. पण कागदावर नोंद नसेल तर संस्थेचा पैसा आणि माणसाचा पैसा यांतली रेघ पुसली जाते. ती एकदा पुसली की प्रामाणिक माणसालाही आपण प्रामाणिक आहोत हे दाखवता येत नाही. हिशेबाची वही चोराला जितकी अडवते, तितकीच सरळ माणसाचं रक्षणही करते.

कार्यकारिणी बदलली, सचिव बदलला, मालमत्तेत फरक पडला, की ९० दिवसांत तसा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. हे टाळलं गेलं की पुढे भांडणं लागतात. दोन गट होतात, दोघेही स्वतःला खरी कार्यकारिणी म्हणवतात, बँक खातं गोठतं, आणि ज्यांच्यासाठी संस्था निघाली त्यांचं काम थांबतं. संस्थांच्या वादांत वर्षानुवर्षं जातात त्यामागे अनेकदा असा एक वेळेवर न भरलेला कागद असतो.

जमिनीबाबतचा नियम तर पिपरी मेघेसारख्या गावाने खास ध्यानात ठेवावा असा आहे. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कर्ज काढायलाही परवानगी लागते. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या भल्या माणसाने गावाबाहेरचा जमिनीचा तुकडा धर्मशाळेसाठी किंवा शाळेसाठी दान दिलेला असतो. शहर वाढतं, तो तुकडा ले-आउटच्या मधोमध येतो, आणि त्याची किंमत संस्थेच्या सगळ्या कामापेक्षा मोठी होते. तेव्हा दात्याचा हेतू जपायला विश्वस्तांची सद्बुद्धी आणि कायद्याची ही अट, दोन्ही लागतात. हिशेब सतत दडवणारा किंवा न्यासाचा पैसा खाणारा विश्वस्त दूर करण्याचा अधिकारही कायद्याने आयुक्तांना दिलेला आहे.

आयकराचा भाग याला जोडून येतो. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर, जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दात्याला ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळते. पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने प्रत्येक देणगीची माहिती आयकर खात्याला कळवायची आणि दात्याला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं, अशी पद्धत आहे. परदेशातून पैसा घ्यायचा तर २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे जाता येत नाही. सरकारी पैशावर मुख्यतः चालणाऱ्या खासगी संस्थेला माहितीचा अधिकार लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

घेणाऱ्याला उत्तर

इथवरची सगळी उत्तरं वरच्या दिशेने जातात: धर्मादाय कार्यालयाकडे, आयकर खात्याकडे, देणगीदाराकडे. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, तो गरजू माणूस या साखळीत कुठेच नाही. ताळेबंद त्याला कोणी वाचून दाखवत नाही. त्याची तक्रार लिहून घ्यायला वही नसते. संस्थेची खरी परीक्षा इथेच होते, आणि ही परीक्षा कशी पास व्हायची ते वर्धा जिल्ह्याने दोनदा दाखवलं आहे.

पहिलं उदाहरण दत्तपूरचं. विनोबा नालवाडीला राहत असताना त्यांच्या सहकाऱ्यांना आसपासच्या खेड्यांत कुष्ठरुग्ण मोठ्या संख्येने दिसले. त्या काळी हे काम मुख्यतः परदेशी मिशनरी करत. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी हे काम अंगावर घेतलं आणि १९३६ साली दत्तपूरला महारोगी सेवा समिती सुरू झाली. गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठसेवेबद्दल लिहिताना दिवाणांच्या या कामाचा गौरवाने उल्लेख केला. दत्तपूरची विशेष गोष्ट अशी, की तिथले रुग्ण शेती करू लागले, सूत कातू लागले. समाजाने ज्यांना भिकेला लावलं होतं त्यांच्या हातून पीक निघू लागलं. संस्थेच्या कामाचं मोजमाप किती जणांना जेवू घातलं यावर थांबलं नाही. किती जण स्वतःच्या कष्टाचं खाऊ लागले, हा निकष झाला.

दुसरं उदाहरण सेवाग्रामचं. डॉ. सुशीला नायर यांनी वाढवलेल्या कस्तुरबा रुग्णालयासोबत १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिचा खर्च निम्मा केंद्र सरकार, पाव राज्य सरकार आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या खेड्यांत आरोग्यविम्याची एक योजना उभी केली आणि तिची वर्गणी ठेवली ज्वारीत. सुगीला ज्वारी घरात येते तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा द्यायचा. भूमिहीनाने ठरलेला थोडा, जमीनवाल्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त. गावातल्या किमान ७५ टक्के कुटुंबांनी वाटा दिला तरच ते गाव योजनेत. जमलेल्या ज्वारीच्या पैशातून गावातलं आरोग्यसेवकाचं काम आणि साधी औषधं चालत. अचानक आलेल्या आजारासाठी रुग्णालयात भरती झाल्यास उपचार मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधी माहीत असलेल्या गोष्टींसाठी खर्चाचा चौथा हिस्सा रुग्णाने द्यायचा.

जमा होणाऱ्या ज्वारीतून रुग्णालयाच्या खर्चाचा थोडाच भाग निघणार, हे उघड होतं. तरीही ती वर्गणी महत्त्वाची होती. ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो रुग्णालयाच्या दारात उपकार मागायला जात नाही, आपला हक्क घेऊन जातो. आरोग्यसेवक नीट काम करत नसेल तर ग्रामसभेत बोलायचं बळ त्याला येतं. आणि गावाने पुढच्या सुगीला ज्वारी दिली नाही, तर संस्थेला कळतं की आपलं काहीतरी चुकलं. गांधीजींनी वार्षिक वर्गणीबद्दल जे मांडलं होतं त्याचं हे रूप आणखी पुढचं, कारण इथे संस्थेला जोखण्याची ताकद देणगीदाराकडून सेवा घेणाऱ्याच्या हाती आली.

पिपरी मेघेतल्या छोट्या संस्थेला ज्वारी गोळा करणं जमणार नाही, पण त्यामागचा विचार जमेल. डबा घेणाऱ्या नातेवाइकांपैकी दोघांना महिन्याच्या बैठकीला बोलावता येतं. जेवण कसं होतं, वेळ पाळली का, वाटप करणारा नीट बोलला का, हे विचारता येतं. कोणाला मदत द्यायची याचे निकष मराठीत लिहून फलकावर लावता येतात, म्हणजे ओळखीच्यांनाच मिळतं हा संशय उरत नाही. नकार द्यायची वेळ आली तर कारण सांगता येतं. संस्थेबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे तक्रार करायची सोय ठेवता येते, कारण ज्याच्या हातून शिधा घ्यायचा त्याच्याचविरुद्ध त्याच्याकडे कोण बोलणार?

फोटोंचा प्रश्नही इथलाच. देणगीदाराला पुरावा हवा म्हणून ब्लँकेट घेणाऱ्या म्हातारीचा चेहरा, तिचं नाव आणि गाव मोबाइलवर गावभर फिरतं. मुलांच्या बाबतीत तर हे फार वाईट, कारण शाळेत त्यांना ते वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती हा पायाच मानला आहे. मदत हवी असलेल्या माणसाची संमती ही मोकळी संमती नसते, हे ओळखून संस्थेने चेहऱ्याऐवजी खरेदीचं बिल, वाटपाची नोंद आणि लेखापरीक्षकाची सही पुरावा म्हणून द्यावी. आधार कार्डाच्या झेरॉक्सचे गठ्ठे उघड्या कपाटात पडलेले असतात, तेही थांबायला हवं.

काय मोजायचं

संस्थेच्या अहवालात बहुतेकदा वाटपाचे आकडे असतात: इतके किट, इतकी ब्लँकेटं, इतक्या सायकली. त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा. त्यानंतर त्या माणसाचं काय झालं?

एक साधा हिशेब पाहू. ६५ वर्षांवरील निराधार व्यक्तींसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. त्याहून कमी वयाच्या विधवा, अपंग, निराधार व्यक्तींसाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ पासून या योजनांत महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले, म्हणजे वर्षाला १८,०००. यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, बँक खातं लागतं आणि तहसील कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. एकट्या म्हातारीला त्या खेपा जमत नाहीत. संस्थेच्या कार्यकर्त्याने तिच्यासोबत जाऊन अर्ज मंजूर करून आणला, तर दिवाळीच्या एका किराणा किटपेक्षा कितीतरी मोठी आणि टिकाऊ मदत होते. अहवालात मात्र हे काम दिसत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

तसंच रुग्णांचं. १९५० च्या त्याच कायद्याखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाने बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. १ लाख ८० हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेलं कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचं दुर्बल, अशी मर्यादा आहे. तातडीच्या वेळी अनामत रक्कम न मागता रुग्ण दाखल करून घ्यायचा असतो. रुग्णाच्या नातेवाइकाला हे माहीत नसतं. ज्या संस्थेचा कार्यकर्ता तहसीलदाराचा दाखला मिळवायला मदत करतो आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाकडे घेऊन जातो, तो संस्थेच्या तिजोरीतला एक रुपया न खर्चता हजारोंचं बिल वाचवतो. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून तो खर्च विचारणं हेही सेवेचंच काम.

अशा कामाला पगारी माणूस लागतो, आणि इथे देणगीदारांनी आपली एक समजूत तपासली पाहिजे. ‘तुमच्या संस्थेत सगळा पैसा थेट गरिबांनाच जातो ना?’ हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, पण त्याचा दबाव उलटा पडतो. संस्था हिशेबनीस ठेवत नाही, कार्यकर्त्याला तुटपुंजं मानधन देते, मग वह्या मागे पडतात, लेखापरीक्षण रखडतं, आणि शेवटी तोच देणगीदार पारदर्शकता नाही म्हणून नाराज होतो. प्रवासखर्च, फोन, हिशेबनिसाचा पगार हे सेवेचे खर्च आहेत. ते किती आहेत हे उघड सांगावं आणि ते कशासाठी झाले हे दाखवावं, एवढंच मागणं रास्त आहे. कुमारप्पांनीही स्वयंसेवकांना उपाशी ठेवलं नव्हतं. त्यांनी तीन आणे ठरवले आणि तो आकडा सर्वांना सारखा लावला.

आपण काय करायचं

पिपरी मेघेतल्या किंवा कुठल्याही गावातल्या वाचकाला आपल्या ओळखीच्या संस्थेकडे चार गोष्टी सहज मागता येतील. नोंदणी क्रमांक असलेली पावती. मागच्या वर्षाचं लेखापरीक्षित उत्पन्न-खर्चाचं पत्रक. सध्याच्या कार्यकारिणीतल्या लोकांची नावं, आणि ती धर्मादाय कार्यालयात नोंदली गेली आहेत का याचं उत्तर. आणि मदत कोणाला मिळते याचे लेखी निकष. शक्यतो देणगी रोख न देता बँकेतून द्या. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. ती कागद पुढे ठेवते. जी संस्था अजून छोटी आहे, जिच्याकडे कागद नीट लावायला माणूस नाही, तिला फक्त पैसे देऊन थांबू नका. तुम्ही निवृत्त बँक कर्मचारी असाल, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असाल, करसल्लागार असाल, तर महिन्यातली एक संध्याकाळ तिच्या कीर्दीसाठी द्या.

आणि संस्था चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की येत्या ३१ मार्चनंतर हिशेब झाला की त्याचं एक पान साध्या मराठीत लिहून काढा: किती आले, कुठून आले, कशावर गेले, किती उरले. ते पान देणगीदारांना पाठवाच. पण सर्वांत आधी ते तुमच्याकडून डबा, औषध, शिधा घेणाऱ्यांपुढे वाचून दाखवा आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्या. पैसा त्यांच्यासाठी होता, म्हणून पहिला हिशेबही त्यांनाच मिळाला पाहिजे.